मठाच्या पंचांगातली एक सप्तमी



रामकृष्ण मठाच्या दिनदर्शिकेत मार्गशीर्ष महिना चांगलाच गजबजलेला असतो. एकादशीला रामनाम संकीर्तन, शुद्ध नवमीला स्वामी प्रेमानंदांची जन्मतिथी, वद्य एकादशीला शिवानंदांची. आणि २४ डिसेंबरच्या संध्याकाळी चक्क येशूची पूजा. संन्यासी पुरुषांच्या या रांगेत एक बाई आहे. वद्य सप्तमी, सारदादेवींचा जन्मदिवस.

बाईला देवी केले की तिला माणसाचे हक्क द्यावे लागत नाहीत, हे आपण शिबिराशिबिरांतून सांगत आलो आहोत. ते खोटे नाही. पाचव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीला पुढे जगन्माता म्हटले गेले, म्हणून बालविवाहाचा अन्याय काही पुसला जात नाही. तरीही या सप्तमीपाशी थोडे थांबावेसे वाटते.

१८८६ साली रामकृष्ण गेले तेव्हा सारदादेवी बत्तिशीच्या होत्या. त्या हातातल्या बांगड्या उतरवू लागल्या, तेव्हा पतीने दर्शन देऊन मना केले, असे चरित्रकार सांगतात. दर्शनाचे काय ते ज्याने त्याने ठरवावे. बांगड्या मात्र राहिल्या, लुगड्याची बारीक लाल किनारही राहिली. कामारपुकुरच्या लोकांनी नावे ठेवलीच. पुढे १९०१ साली विवेकानंदांनी बेलूर मठात दुर्गापूजा सुरू केली. संन्याशांना स्वतःच्या नावे संकल्प करता येत नाही, म्हणून तो सारदादेवींच्या नावाने झाला आणि आजही होतो. म्हणजे मठाची सर्वांत मोठी पूजा एका विधवेच्या नावावर चालते!

स्त्रियांचा मठ आधी हवा, असे विवेकानंदांनी १८९४ मध्येच अमेरिकेतून लिहिले होते. दक्षिणेश्वरला सारदा मठ उभा राहिला १९५४ साली, आणि १९५९ मध्ये तो पुरुषांच्या मठापासून स्वतंत्र झाला. तिथे पूजा, दीक्षा, कारभार सारे संन्यासिनींच्या हाती आहे. मधली साठ वर्षे कुठे गेली, हे विचारायला हवे. एवढ्या काळात पुरुषांच्या मठाच्या शाखा देशोदेशी निघाल्या होत्या.

याच मार्गशीर्षात आपल्या वस्त्यांतून गुरुवारची महालक्ष्मी मांडली जाते. शेवटच्या गुरुवारी उद्यापनाला सुवासिनी बोलावतात, हळदकुंकू, फळ आणि व्रताची पोथी देतात. गटाची बचत चोख सांभाळणारी, पोलीस चौकीत सर्वांच्या पुढे उभी राहणारी आपली विधवा कार्यकर्ती त्या संध्याकाळी दार लावून घरात बसते. तिला कोणी येऊ नको म्हणत नाही, कारण म्हणावेच लागत नाही. परित्यक्तेचे तर आणखी अवघड. नवरा जिवंत आहे, पण बोलवायचे की नाही यावर कुजबूज होते.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितले. ठराव ग्रामपंचायतीच्या दप्तरात असतो, ताम्हन मात्र बायकांच्याच हातात असते. व्रतवैकल्ये सोडा, असे सांगून वस्तीतल्या किती जणी आपल्याकडे आल्या, हे आपण जाणतोच. तेव्हा ज्या गटांतल्या बायका गुरुवार करतात, त्यांनी यंदाचे उद्यापन सर्वजणींसाठी खुले करावे, अशी सूचना आहे. पहिले कुंकू कोणाला लावायचे, हे तिला विचारून आधीच्या बैठकीतच ठरवा. आयत्या वेळी सासूबाईंसमोर भल्याभल्यांचे हात मागे येतात.