अपील म्हणजे विनवणी नव्हे



आमच्या सल्ला केंद्रात सरकारी नोकरीतल्या बायका येतात, तेव्हा बहुतेकींच्या पिशवीत एक फाईल असते. कुणाची वेतनवाढ रोखलेली, कुणावर ठपका ठेवलेला, कुणाला सक्तीने निवृत्त केलेले. फाईलमधला अर्ज मी वाचायला घेते. 'पदरात दोन लहान मुले आहेत, सासूबाई आजारी असतात, तरी साहेबांनी दया करावी,' अशी वाक्ये पानभर. चौकशीत काय चुकले, कोणता साक्षीदार तपासलाच नाही, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. वीस-वीस वर्षे इमाने नोकरी केलेली बाई कागदावर पदर पसरून उभी राहते, हे मला फार खटकते. म्हणून या वेळी अपिलाबद्दल सविस्तर लिहिते आहे.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ लागू आहेत. शिक्षेचा आदेश हातात पडल्यापासून ४५ दिवसांत अपील करायचे असते. उशीर झाल्यास सबळ कारण द्यावे लागते, पण त्या भरवशावर राहू नये. अपील वरिष्ठ प्राधिकाऱ्याच्या नावे करायचे आणि त्याची प्रत शिक्षा देणाऱ्या अधिकाऱ्याला द्यायची. तो अधिकारी स्वतःचे अभिप्राय जोडून सगळी कागदपत्रे वर पाठवतो. म्हणजे वरच्या साहेबांच्या टेबलावर आपला अर्ज एकटा पोहोचत नाही. ज्याच्या आदेशाविरुद्ध आपण दाद मागतो, त्याचे म्हणणेही सोबत जाते. आपण मुद्दे लिहिले नाहीत, तर तिथे मुद्दे फक्त त्याचेच असतात.

मग वरिष्ठाने काय पाहायचे? नियमाने त्याला तीन प्रश्न घालून दिले आहेत. चौकशी नियमांप्रमाणे झाली का, आणि नसेल तर त्यामुळे अन्याय झाला का? निष्कर्षांना पुराव्याचा आधार आहे का? शिक्षा योग्य आहे, कमी आहे की जास्त? दयेचा प्रश्न यात कुठेच नाही. उलट, शिक्षा वाढवण्याचाही त्याला अधिकार आहे, मात्र त्याआधी आपले म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते.

एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली स्पष्ट सांगितले, की अपिलाचा 'विचार करणे' म्हणजे कर्मचाऱ्याची बाजू ऐकून, कारणे देऊन निर्णय करणे. चौकशी अधिकारी वेगळा असेल, तर शिक्षेआधी त्याच्या अहवालाची प्रत मिळाली पाहिजे, हेही न्यायालयाने १९९० आणि १९९३ च्या निकालांत ठरवून दिले. तरीही 'आपल्या अर्जात तथ्य आढळत नाही, सबब अपील फेटाळण्यात येत आहे' असे एका ओळीचे आदेश आमच्यापर्यंत येतच असतात. असा आदेश म्हणजे शेवट नव्हे. कारणे न देणे हाच पुढच्या दादीचा पहिला मुद्दा.

ही पुढची दाद मॅटमध्ये, म्हणजे १९९१ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात मागायची. अपील करून सहा महिने झाले आणि उत्तरच नाही, तरी मॅटचे दार उघडते. पण पुढचे एक वर्ष उलटले की ते बंद होऊ लागते. 'साहेबांनी बघतो म्हटलंय' या आश्वासनावर कितीतरी जणींनी ते वर्ष घालवले आहे. १९९७ च्या निकालानंतर मॅटच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयातही जाता येते.

हे दार सगळ्यांसाठी मात्र नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षिका आणि आरोग्यसेविका यांचे नियम वेगळे. त्यांना मॅट नाही, थेट उच्च न्यायालय गाठावे लागते. तालुक्याच्या गावातून मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला वकील करणे किती जणींना परवडते? आणि अंगणवाडी सेविका? त्या नागरी पदावर नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली म्हटले. २०२२ साली त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य झाला, पण अपिलाची शिडी अजून नाही. पोषण आहारापासून सर्वेक्षणापर्यंत सरकारचे काम दारोदार नेणारी बाई दाद मागताना सरकारची कुणीच नसते.

जिथे शिडी आहे, तिथेही नियम कोणत्या नजरेने वाचला जातो हा प्रश्न उरतोच. चंदीगडच्या एका सरकारी संस्थेतल्या परिचारिकेने पतीच्या पहिल्या लग्नातल्या मुलांसाठी बालसंगोपन रजा घेतली होती. पुढे तिला स्वतःचे मूल झाले, तेव्हा हयात मुले आधीच दोन आहेत म्हणून प्रसूती रजा नाकारली. प्रशासकीय न्यायाधिकरणात ती हरली, उच्च न्यायालयात हरली. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि कुटुंबे एकाच साच्याची नसतात, हे मान्य केले. हे समजायला तीन पायऱ्या का लागाव्यात?

आणखी एक गोष्ट. लैंगिक छळाच्या तक्रारीत समितीचा अहवाल हाच चौकशी अहवाल मानायचा, हे मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेवर २००४ साली ठरले. पण शिक्षा झालेला पुरुष वरिष्ठांकडे अपील करतो, तेव्हा तक्रार करणाऱ्या बाईला नोटीस देण्याची सोय शिस्तीच्या नियमांत नाही. तिच्या पाठीमागे शिक्षा कमी होऊ शकते. २०१३ च्या कायद्याने तिलाही ९० दिवसांत अपिलाचा हक्क दिला आहे, पण तो तिला सांगतो कोण?

म्हणून आपल्या मागण्या स्वच्छ असाव्यात. प्रत्येक अपिलावर ठरलेल्या मुदतीत, कारणांसह निर्णय. छळाच्या प्रकरणात तक्रारदार बाईला अपिलाची माहिती आणि म्हणणे मांडण्याची संधी. मानधनावरच्या बायकांसाठी दाद मागण्याची स्वतंत्र व्यवस्था.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू या. आदेश मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. माहिती अधिकारात फाईलवरच्या टिपण्या मागा. आणि अर्ज लिहिताना घरची अडचण शेवटी चार ओळीत सांगा. आधी ते तीन प्रश्न क्रमाने घ्या, प्रत्येकाखाली आपला मुद्दा आणि त्याचा कागद जोडा. एकटीने जमत नसेल, तर दोघी-तिघींनी मिळून लिहा.

तुमच्या अपिलाचे काय झाले, ते आम्हाला जरूर कळवा. नावे न छापता ते अनुभव पुढच्या अंकात एकत्र देण्याचा विचार आहे.