वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत मानसशास्त्राला स्थान

परीक्षा म्हणजे झालेल्या शिक्षणाचे मोजमाप करणारी एक निरुपद्रवी पट्टी, अशी समजूत समाजात रूढ आहे. परंतु ज्या परीक्षेवर आयुष्याची दिशा ठरते, ती परीक्षा शिक्षणाला स्वतःचाच आकार देते, हे विसरून चालत नाही. तिच्या अभ्यासक्रमात जे असेल त्यासाठी विद्यार्थी रात्री जागवतात; जे नसेल ते कितीही मोलाचे असले तरी त्यांच्या लेखी अस्तित्वातच नसते. म्हणून डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना प्रवेशाच्या दारात काय विचारावे, हा प्रश्न केवळ परीक्षा मंडळांचा नाही. तो उद्याच्या प्रत्येक रुग्णाचा आहे.

या संदर्भात अमेरिकेतील अनुभव विचारात घेण्याजोगा आहे. तेथील वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा उगम १९२८ सालचा. त्या काळी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण मोठे होते, आणि हा अभ्यास कोणाला झेपेल हे आधीच ओळखावे, या हेतूने ती सुरू झाली. पुढे ‘एमकॅट’ या नावाने रूढ झालेल्या या परीक्षेत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र यांचे वर्चस्व राहिले. १९७७ साली जॉर्ज एंगेल या अमेरिकन वैद्यकाने ‘सायन्स’ या नियतकालिकातील लेखात असे प्रतिपादन केले की, रोगाचा विचार शरीर, मन आणि समाज या तिन्ही अंगांनी झाला पाहिजे. हा विचार परीक्षेच्या उंबरठ्यावर पोहोचण्यास जवळजवळ चार दशके लागली. २०१५ साली परीक्षेची फेररचना झाली आणि तिच्या चार विभागांपैकी एक संपूर्ण विभाग वर्तनाच्या मानसिक, सामाजिक आणि जैविक पायासाठी राखून ठेवण्यात आला. त्यात ५९ प्रश्न आणि ९५ मिनिटे. म्हणजे रसायन-भौतिक आणि जीवशास्त्र या विभागांना जेवढे स्थान, तेवढेच यालाही.

मानसशास्त्र हे मूळ शास्त्रांना चिकटवलेले एक ठिगळ आहे, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो टिकणारा नाही. भयग्रस्त रुग्ण भराभर श्वास घेऊ लागतो. त्याच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, कार्बनिक आम्ल आणि बायकार्बोनेट यांचा समतोल ढळतो, रक्ताचा सामू नेहमीच्या ७.४ च्या वर सरकतो आणि बोटांना मुंग्या येऊ लागतात. मुंग्यांमुळे भीती वाढते आणि भीतीमुळे श्वास आणखी जलद होतो. या एका घटनेत रसायनशास्त्र कोठे संपले आणि मानसशास्त्र कोठे सुरू झाले, हे कोण सांगणार? दुसरे उदाहरण वेदनाशामकांचे. गोळी घेताच वेदना थांबते, म्हणून गोळी घेण्याची कृती दृढ होत जाते. यालाच मानसशास्त्रात ऋण प्रबलन म्हणतात. पुष्कळ विद्यार्थी त्याची शिक्षेशी गल्लत करतात, कारण संज्ञा पाठ केलेली असते, तिचा अर्थ उमगलेला नसतो. क्षयरोगाचे औषध साधारणपणे सहा महिने घ्यावे लागते. परंतु काही आठवड्यांतच बरे वाटू लागते आणि अनेकांचा उपचार सुटतो. जंतू आणि औषध यांचे पूर्ण ज्ञान असलेल्या डॉक्टरलाही येथे रुग्णाचे मन आणि त्याची परिस्थिती कळल्याखेरीज यश येत नाही.

तथापि, विषय परीक्षेत घातला की तो विद्यार्थ्यांच्या अंगी उतरला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडलेले तत्त्व येथेही लागू पडते: ज्या मापावर नियंत्रणाचा भार टाकला जातो, ते माप आपली विश्वसनीयता गमावू लागते. सहानुभूतीचे शास्त्र परीक्षेत आले की सहानुभूतीच्या व्याख्यांची चिठोरी बाजारात येतात. अमेरिकेतही मानसशास्त्राच्या संज्ञांची पत्ते पिसल्यासारखी उजळणी करणारे विद्यार्थी विपुल आहेत. शिवाय प्रत्येक नव्या विषयाबरोबर तयारीचा वेळ आणि खर्च वाढतो, आणि तो भार गरीब घरच्या विद्यार्थ्याला अधिक जाणवतो.

या धोक्यावरचा उपाय विषयांच्या यादीत सापडणार नाही. तो प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत शोधावा लागतो. एमकॅटच्या प्रत्येक शास्त्र विभागातील ५९ प्रश्नांपैकी ४४ प्रश्न उताऱ्यांवर आधारलेले असतात. एखाद्या प्रयोगाचे वर्णन वाचून, आकडे पारखून उत्तर काढावे लागते. नळीची त्रिज्या निम्मी झाली की, दाब तोच असता, प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो, हे सूत्र पाठ असणे वेगळे आणि अरुंद झालेल्या रोहिणीच्या वर्णनात ते सूत्र ओळखणे वेगळे. मूलतत्त्वांची उजळणी या शब्दाला दुसऱ्या प्रकारातच अर्थ प्राप्त होतो.

आता आपल्याकडे पाहावे. ‘नीट’मध्ये २०२४ साली २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, एमबीबीएसच्या जागा मात्र एक लाखाच्या आसपास. २०२५ च्या परीक्षेत १८० प्रश्नांसाठी १८० मिनिटे होती. मिनिटाला एक प्रश्न आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, अशा व्यवस्थेत विचार करण्यापेक्षा आठवणे अधिक फायद्याचे ठरते, आणि लातूरपासून कोट्यापर्यंतच्या शिकवणी वर्गांनी हे गणित अचूक ओळखले आहे. दोष त्यांच्या माथी मारून उपयोग नाही. बाजार मागणीनुसार पुरवठा करतो, आणि मागणी परीक्षेने निर्माण केलेली आहे. २०१९ पासून वैद्यकीय अभ्यासक्रमात अभिवृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद यांचे शिक्षण समाविष्ट झाले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. पण ज्या मुलाने कोवळ्या वयातील दोन-तीन वर्षे केवळ चार पर्यायांतील एक गोल भरण्यात घालवली, त्याच्या मनाची मशागत प्रवेशानंतर करणे किती कठीण असते, हे कोणताही अध्यापक सांगेल.

अमेरिकेत विद्यार्थी सामान्यतः चार वर्षांच्या पदवी शिक्षणाच्या सुमारास ही परीक्षा देतो, आपल्याकडे तो सतरा-अठरा वर्षांचा असतो. त्यामुळे तेथील अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलणे अनुचित होईल. अभ्यासक्रमाचे ओझे वाढवण्याचीही गरज नाही. प्रश्नांची संख्या कमी करावी, विचाराला अधिक वेळ द्यावा आणि काही प्रश्न रुग्णाच्या वर्तनाचे वर्णन करणाऱ्या छोट्या उताऱ्यांवर बेतावेत. अशा प्रश्नांना लागणारी माहिती उताऱ्यातच असावी, म्हणजे त्यांसाठी निराळी शिकवणी लावावी लागणार नाही. असे प्रश्न तयार करणे कष्टाचे आणि खर्चाचे आहे, हे खरे. परंतु आज हा खर्च वाचवला तर तो पुढे अर्धवट सुटलेल्या उपचारांच्या रूपाने रुग्णांना भरावा लागतो, आणि त्याची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेत होत नाही.