मोडीत काढण्यापूर्वी

"आल्टे झाखेन!" ही आरोळी लोद-रामल्याच्या गल्ल्यांतून ऐकली नाही, असा वाचक आपणांत विरळाच. शब्द यिद्दिश भाषेतले, अर्थ 'जुन्या वस्तू'. मुंबईच्या भंगारवाल्याची आठवण करून देणारी ही हाक आता गाडीवरील ध्वनिवर्धकातून येते.

परवा अशीच एक गाडी आमच्या शिकूनखाली थांबली. शेजारच्या काकूंनी मला बोलावून विचारले, "भाऊ, ह्यांची हत्यारांची पेटी देऊन टाकू ना? मुले म्हणतात, मखसानात नुसती अडगळ झाली आहे." काका कारखान्यात फिटर होते, त्यांना जाऊन वर्ष झाले. पेटीत दोन विजेची ड्रिल मशिने, एक ग्राइंडर आणि एक बॅटरीवरचे ड्रिल होते. गाडीवाला सर्वांची मिळून एकच ठोक रक्कम देऊ करीत होता. मी म्हणालो, "काकू, आजचा दिवस थांबा."

सायंकाळी आम्ही पेटी उघडली. एका ड्रिलचे केवळ कार्बन ब्रश झिजले होते. हे दोन छोटे काळे तुकडे अल्प किमतीत मिळतात. ते बदलताच यंत्र पूर्ववत् फिरू लागले. दुसऱ्याची वाइंडिंग जळाली होती, ग्राइंडरच्या गिअरचे दात तुटले होते. ही दोन मात्र मोडीचीच.

मोडीतही तारतम्य असावे. अशा यंत्राच्या मोटारीत व वायरीत तांबे असते, गिअरचे कवच बहुधा ॲल्युमिनियमचे, चक आणि दांडा पोलादाचा. लोहचुंबक लावून पाहावे: लोखंड-पोलाद चिकटते; तांबे, पितळ, ॲल्युमिनियम चिकटत नाही. धातू वेगवेगळे करून दिल्यास मिश्र भंगारापेक्षा अधिक भाव येतो. अर्थात एका यंत्रातून तांबे निघते ते मूठभरच. त्यावर कोणी बंगला बांधील अशी आशा धरू नये. परंतु लाभ केवळ आपला नाही. जुने ॲल्युमिनियम वितळविण्यास, ते खनिजापासून तयार करण्याच्या मानाने सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. तांबे काढण्यासाठी वायर कधीही जाळू नये. तिच्या प्लॅस्टिकच्या धुरातून विषारी वायू निघतात, आणि जळक्या तांब्याला भावही कमी येतो. तसेच बॅटरी फोडू नये. जुन्या बॅटरीत कॅडमियमसारखे विष असू शकते, तर लिथियमची बॅटरी पेट घेते. तिची जागा बॅटऱ्यांसाठी ठेवलेल्या पेटीतच. इस्रायलमध्ये २०१२ साली यासाठी कायदाही झाला आहे. त्यानुसार नवे विद्युत उपकरण विकणाऱ्या दुकानदाराने ग्राहकाचे त्याच प्रकारचे जुने उपकरण परत घ्यावयाचे असते.

कोकणात घाणा चालविणारे आपले 'शनिवार तेली' पूर्वज तेल निघाल्यावर पेंडही टाकून देत नसत. ती गुरांच्या कामी येई. त्यांच्या वंशजांना काटकसर नव्याने शिकविण्याचे कारण नाही.

दुरुस्त झालेले ड्रिल पुसताना मुठीवर काही अक्षरे दिसली. कारखान्यात अदलाबदल होऊ नये म्हणून काकांनी खिळ्याने आपले नाव मराठीत कोरले होते. नातवाने विचारले, "सावता, हे काय लिहिले आहे?" त्याला वाचता येईना. काकूंनी त्याचे बोट धरून एकेक अक्षर गिरवून दाखविले. ते ड्रिल आता त्याच्याकडे आहे.

तेव्हा वाचकहो, गाडी दाराशी थांबली म्हणून घाई करू नये. पेटी आधी उघडून पाहावी.