मुष्टियोद्धे मुरलीकांत पेटकर

आमच्या माढ्यास जत्रेंत कुस्त्यांचा फड लागला कीं सारा गांव लोटतो. परंतु घरांतील मुलानें मुष्टियुद्ध शिकतों म्हटलें, तर वडील मंडळींच्या कपाळास आंठ्या पडतात. कंसाच्या पदरीं मुष्टिक नांवाचा मल्ल होता व बलरामांनीं त्यास लोळविलें, एवढ्यावर या विद्येची आपली माहिती संपते. गेल्या महिन्यांत आमच्या नातवानेंच हा विषय काढला. "नाक फुटेल," असा निकाल वहिनींनीं तत्काळ दिला. आम्हीं निकाल न देतां त्यास मुरलीकांत पेटकरांची हकीकत सांगितली.

पेटकरांचा जन्म १९४४ सालचा, सांगली जिल्ह्यांतील पेठ-इस्लामपूरचा. कुस्तीचा नाद लहानपणापासूनचा. पुढें ते सैन्याच्या विद्युत् व यांत्रिक अभियंता दलांत दाखल झाले आणि तेथें हातांत मुष्टियुद्धाचे मोजे चढले. हा केवळ हातांचा खेळ, असा आपला समज असतो. जाणते सांगतात कीं ठोशाचा जोर पायांतून उठतो, कंबरेंत वळतो आणि खांद्यावाटे मुठींत उतरतो. पाय मंद असले तर हातहि पोकळ. १९६४ सालीं तोक्यो येथील सैनिकांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांत ते मुष्टियोद्धे म्हणून उतरले.

दुसऱ्याच वर्षीं पाकिस्तानशीं युद्ध झालें. पेटकरांस गोळ्या लागल्या. एक पाठीच्या कण्यांत रुतली आणि कंबरेखालचें शरीर निकामी झालें. ज्या पायांतून ठोसा उठावयाचा, तेच गेले. वय अवघें विशीचें!

मुंबईच्या 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयांत उपचार म्हणून त्यांस पाण्यांत उतरविण्यांत आलें. पाण्यांत पायांचा भार जमिनीवरच्यासारखा जाणवत नाहीं. खांदे नि दंड शाबूत होते, आणि ते मुष्टियोद्ध्याचे होते. १९६८ सालीं तेल अवीव येथील अपंगांच्या जागतिक स्पर्धांत ते टेबल टेनिस खेळले. १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें ५० मीटर पोहण्यांत ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. पॅरालिंपिकमधील भारताचें तें पहिलें सुवर्ण. ऑलिंपिकमध्यें भारतीयास व्यक्तिगत सुवर्णपदक मिळावयास २००८ साल उजाडलें, हें ध्यानांत घ्यावें.

आतां आमच्या मनास टोंचणारी गोष्ट. १९८२ सालीं त्यांनीं अर्जुन पुरस्कारासाठीं केलेला अर्ज नाकारण्यांत आला. पद्मश्री २०१८ सालीं मिळाली. अर्जुन पुरस्कार हातीं आला तो २०२५ च्या जानेवारींत, ऐंशीव्या वर्षीं. त्यापूर्वींच त्यांच्या चरित्रावर हिंदी चित्रपट निघाला होता! प्रत्यक्ष अर्जुनाचा अज्ञातवास एकाच वर्षाचा होता, असें आम्हीं म्हणतांच नातू हंसला.

वहिनी मात्र हंसल्या नाहींत. "त्यांच्या आईनें तें कसें सोसलें असेल?" एवढेंच त्या बोलल्या आणि आंत गेल्या. सोलापुरास मुष्टियुद्धाची तालीम कोठें चालते, याची चौकशी आम्हीं अद्याप केलेली नाहीं; पण नातू रोज पहांटे उठून दोरीवरच्या उड्या मारूं लागला आहे, आणि त्याच्या दुधाचा पेला वहिनीच भरून ठेवतात.