जुन्या संगणकाचा हक्क
१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’च्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. धडधाकट असूनही अनेक जुने संगणक तिथेच अडतात. सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यात नवा संगणक घेणं सोपं नाही. विंडोजऐवजी वापरता येणारी लिनक्स ही प्रणाली फुकट मिळते, सी-डॅक या सरकारी संस्थेचं ‘बॉस’ हे तिचं रूप तर मराठीतही. मग अडतं कुठे? २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी या संगणक-अभ्यासक्रमाने गावोगावी संगणक नेला, हे मोठंच काम. पण बहुतेकांचा हात बसला तो विंडोजवर. ही सवयीची सोय मी हलकी मानत नाही. दाखल्याचा अर्ज भरणाऱ्याला अडखळायला वेळ नसतो. तरी केरळच्या सरकारी शाळांतली मुलं लिनक्सवरच शिकतात. सुरगाण्याच्या मुलांनाही दोन्ही प्रणाली हाताळायला मिळायला हव्यात, शाळेतच आणि आठवीच्या आत.