आई आधीं गेली, घर मागून गेलें

१८९४ सालीं मिरजेस डॉ. वानलेस यांनीं इस्पितळ काढिलें, आणि अशा मिशन इस्पितळांतून आपल्या मुली शुश्रूषेचें काम शिकूं लागल्या. त्यांच्या नाती-पणती आज तेंच काम करण्यास विलायतेस जात आहेत. आमच्या शाळेंतील कित्येक मुलांच्या माता त्यांत आहेत, म्हणून या विषयावर दोन शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

जाण्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधीं आई एकटी जाते. तिकडील नर्सिंग कौन्सिलच्या प्रात्यक्षिक परीक्षेंत उतरावयाचें, नांव नोंदवावयाचें, भाड्याचें घर पाहावयाचें, यांत कित्येक महिने, क्वचित् वर्षही निघून जातें. मग पति व मुलें जातात. (२०२४ च्या ११ मार्चपासून नव्यानें जाणाऱ्या केअर वर्करांना कुटुंब नेण्याची मुभा बंद झाली, नर्सांना तो नियम लागू केला गेला नाहीं.) त्यांना विमानतळावर निरोप देऊन आपण म्हणतों, 'सुटली बिचारी एकदांची!' आमच्या मतें तिची खरी कसोटी त्याच दिवशीं सुरू होते.

एकटेपणांत तिनें आपल्या दिवसाची घडी बसविलेली असते. तेथील सरकारी इस्पितळांत पूर्ण वेळच्या नर्सला आठवड्यास साडेसदतीस तास काम असतें. परंतु पुष्कळ ठिकाणीं एकेक पाळीच बारा तासांची. सकाळीं सातच्या सुमारास घर सोडावें, रात्रीं नऊच्या सुमारास परत यावें. रात्रपाळी असल्यास पडदे ओढून दिवसा निजावें. एकदां भात लावून तो दोन वेळां खाल्ला तरी कोणाचें अडत नव्हतें. आतां त्याच दोन खोल्यांत चार माणसें आलीं. मुलांना नऊच्या आंत शाळेंत पोंचवावयाचें, साडेतीनच्या सुमारास आणावयाचें. लहान मुलाला मोठ्या माणसानेंच न्यावें, असा तेथील प्राथमिक शाळांचा शिरस्ता. रिक्षावाले काका नाहींत, शेजारच्या काकू नाहींत, आजी नाहीं. मुलाला घरीं एकटें ठेवण्याचें वय इंग्लंडच्या कायद्यानें ठरवून दिलेलें नाहीं. परंतु त्यास धोका पोंचेल अशा रीतीनें ठेवणें हा गुन्हा आहे. डिसेंबरांत लंडनला चार वाजण्याच्या आधींच सूर्य मावळतो, तेव्हां मुलांना अंगणांत पिटाळण्याचीही सोय उरत नाहीं. 'तिकडे काय, सगळीं कामें यंत्रें करतात,' असें इकडे म्हटलें जातें. कपडे यंत्र धुतें हें खरें. पण मुलाच्या डोक्यावरून हात फिरविणारें यंत्र अद्याप निघालेलें नाहीं.

तथापि कामाचा बोजा हें दुःख लहानच म्हणावयाचें. वर्षभर मुलाला आजीनें भरविलें, वडिलांनीं त्याचा अभ्यास घेतला. तें मूल आतां आईच्या समोर उभें राहून 'बाबा, मी दूध घेऊं का?' असें विचारतें. आजीच्या आमटीची चव या आमटीला नाहीं, हेंही सांगतें. त्यांत त्याचा दोष नाहीं. परंतु आईच्या काळजाला घर पडतें, आणि ती हरवलेलें वर्ष महिन्याभरांत भरून देऊं पाहते. रात्रपाळीहून येऊन निजावयाचें सोडून पुरण वाटते. रागें भरावयाचें तेथें खेळणें आणून देते. हें आम्हांस पसंत नाहीं. तिच्याकडे कोणाचें कांहीं देणें निघत नाहीं. तें वर्ष तिनें घराकरितांच खर्चिलें, हें मुलांना वडिलांनीं स्पष्ट शब्दांत सांगावें. तिच्या पाळ्यांचें वेळापत्रक स्वयंपाकघराच्या दारावर लावावें व घरानें त्या बेतानें चालावें. ती निजली असतां घरांत शांतता असावी, आणि चूल पतीनें सांभाळावी.

पतीला यांत कमीपणा वाटतो. परंतु तो वाटावयास कारण आपण इकडचे लोक. 'काय रे, हल्लीं भाकऱ्या थापतोस म्हणे?' असें फोनवर विचारून हंसणारे मामा-काका आम्हीं ऐकले आहेत. हें हंसणें सहा हजार किलोमीटरांहून अधिक दूर जाऊन त्या घरांत भांडण लावतें. फोनच्या वेळेचेंही असेंच. दुपारचीं जेवणें आटोपून तीन वाजतां आपण निवांत फोन फिरवितों, तेव्हां हिवाळ्यांत तेथें साडेनऊ होतात व रात्रपाळीहून आलेल्या बाईचा डोळा नुकता लागलेला असतो.

सर्वांत नाजूक जागा आजीची. नातवंडांना तिनें वाढविलें. तीं आईची तक्रार तिच्याकडेच करणार. अशा वेळीं 'माझ्याजवळ असतास तर' हे शब्द तिनें गिळावे आणि 'बाळ, आईला विचार' एवढेंच म्हणावें. तिला हें जड जाईल, हें आम्ही जाणतों. पण या एका वाक्यानें आईची जागा तिला परत मिळते. पत्र्याच्या डब्यांतून पाठविलेल्या लाडवांनीं ती मिळत नाहीं.

यंदाही आमच्या वर्गांत अशीं कांहीं मुलें आहेत. वार्षिक परीक्षेनंतर तीं जावयाचीं आहेत. तुमच्यापैकीं भात कोणाला लावतां येतो, असें आम्हीं विचारलें. दोन हात वर झाले, आणि ते दोन्ही मुलींचे होते. मे महिन्याची सुटी पुढें आहे.