मशीन मालकाची, पण छाती पोराची



उन्हाळ्यात हिडकलचं पाणी खाली गेलं की काठावर नावा पालथ्या पडतात. जुना रंग काढायचा, चिरा भरायच्या, पावसाच्या आत नवा रंग मारायचा. आधी लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून हातानं घासायचो, दोन-तीन दिवस जायचे. आता सँडर मशीन आली, अर्ध्या दिवसात काम होतंय. मशीन वाईट नाही. पण आपण ती चालवतो कशी, त्यावर थोडं स्पष्ट बोलतो. राग मानू नका.

पहिली गोष्ट धुळीची. तोंडाला रुमाल बांधला की झालं, असं आपण समजतो. फायबरची धूळ म्हणजे काचेचे तंतू आणि वाळलेलं रेझिन. रुमालात जाड धूळ अडते, बारीक धूळ सरळ छातीत जाते. लाकडाची नाव असली तरी सुटका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1995 मध्येच लाकडाची धूळ कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरली आहे. जुन्या रंगात शिसंही असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्या देशात कडक मर्यादा आली ती 2017 मध्ये. त्याआधीचे थर नावेवर अजून असतील तर ते आपणच खरवडून उडवतोय. शिशाचा सगळ्यात जास्त त्रास लहान पोरांना होतो.

गेल्या उन्हाळ्यात मी स्वतः ही चूक केली. नाव घासून तसाच घरी आलो आणि नातवाला उचलून घेतलं. रात्रभर ते पोर मान खाजवत रडत होतं. तेव्हापासून एन-95 मास्क, डोळ्याला चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि घरात शिरायच्या आधी आंघोळ. ते कपडे वेगळे धुवायचे. खाली ताडपत्री घालायची, धूळ गोळा करायची, पाण्यात सोडायची नाही. त्याच पाण्यातले मासे आपण विकतो.

दुसरी गोष्ट पेपरची. नंबर जेवढा मोठा, तेवढा पेपर बारीक. लाकडावरचा जाड जुना रंग काढायला 60, मग 100 किंवा 120, आणि रंगाच्या दोन हातांच्या मध्ये 180 ते 220. 60 वरून एकदम 220 वर उडी मारली तर जाड पेपरचे ओरखडे तसेच राहतात. फायबरला जास्त सांभाळावं लागतं. वरचा जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटरचा असतो. नुसता रंग मारायचा असेल तर 120 ते 180 पुरे. 80 फक्त जिथं नवीन मॅट बसवायची तिथंच. काही जण तर सरळ ग्राइंडरला चकती लावून घासतात. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारच्या आसपास फेरे घेतो, जेलकोट कधी गेला कळत पण नाही. मग पाणी आतल्या मॅटमध्ये मुरतं. 2019 च्या महापुरात वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं होतं, निपाणीकर विसरले नसतील. अशा वेळी माणसं काढायला नावच लागते. तिचा तळ भरवशाचा नको का?

मशीनवर जोर देऊ नका, तिचं वजन पुरे, फक्त फिरवत राहा. पेपर झिजला की बदला, आणि बदलताना प्लग काढा. लाईट गेली तर आधी बटण बंद करा, नाहीतर लाईट आल्यावर मशीन आपोआप सुटते. काळा वॉटर पेपर पाणी लावून घासायचा तो हातानंच. ओल्या काठावर, ओल्या पायानं, जोड मारलेल्या वायरवर मशीन लावणं म्हणजे जिवाशी खेळ. करंट गळला की लगेच तोडणारा 30 मिलीअँपिअरचा ब्रेकर बोर्डात पाहिजेच. थिनरचा डबा उघडा ठेवून मशीन चालवू नका, ठिणगी पुरते.

आता मुद्द्याचं. घासायचं काम बहुतेक वेळा रोजंदारीवरचं पोर करतं. मालक सावलीत बसतो आणि मास्क मागितला तर म्हणतो, "आमच्या वेळी कुठं होता?" आमच्या वेळी मशीनही नव्हती की. हातानं घासताना एवढी धूळ उडत नव्हती. मशीन घ्यायला हजारो रुपये निघतात, मग मास्कला का निघत नाहीत? रोजगाराबरोबर मास्क आणि चष्मा देणं मालकाचं काम आहे, ते उपकार नाहीत.

माझं म्हणणं एवढंच, आपल्या सोसायटीनं धूळ ओढणारी पिशवी असलेली एक चांगली मशीन, ब्रेकरचा बोर्ड, चष्मे आणि मास्कचा बॉक्स घेऊन ठेवावा. वहीत सही करून न्यायचं, परत आणून द्यायचं. पुढच्या सभेत हा विषय मी मांडणार आहे. पटत असेल तर हात वर करायला या. पटत नसेल तरी या, समोरासमोर बोलू.